'चाचा' की 'सनदी चाचा'?

प्रश्न: १६व्या-१७व्या शतकातल्या भूमध्य समुद्रावर लिहितोय. 'पायरेट' आणि 'कॉर्सेअर', दोघांनाही 'चाचा'च म्हटलं तर चालेल का? आणि प्रकरणाचं नाव 'चाचेगिरीचा बीमोड' कसं वाटतं?

उत्तर १: एकच शब्द वापरलात तर भांडण कशाचं होतं हेच वाचकाला कळणार नाही. चाच्याला वाली नसतो, कॉर्सेअरच्या पाठीशी सत्ता असते. उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्स-ट्युनिसचे कॉर्सेअर ऑटोमन सुलतानाचे प्रजाजन, माल्टाचे नाइट ख्रिस्ती धर्माच्या नावाने निघालेले. माणसं धरून गुलाम म्हणून विकण्यात दोघंही सारखेच, ते सोडा. मी 'सनदी चाचा' लिहीन.

उत्तर २: 'सनदी' म्हटलं की मला कलेक्टर दिसतो! 'परवानाधारक' बरा. तसंही हा शिक्का कोण मारतो त्यावर सगळं ठरतं. कान्होजी आंग्रे आपले सरखेल, इंग्रजांच्या कागदांत पायरेट.

उत्तर १: बरोबर, आणि तहांमध्येही तेच दुखणं. सुलतान आणि व्हेनिस यांच्या अहदनाम्यांत, म्हणजे सुलतानाने दिलेल्या तहनाम्यांत, कलमं स्वच्छ आहेत: समुद्रावर लुटालूट करणाऱ्याला ज्याच्या त्याच्या धन्याने शिक्षा करायची, धरलेली माणसं आणि माल परत द्यायचा. पण अल्जियर्स इस्तंबूलचं ऐकेल तेव्हा ना! १६०४च्या अहदनाम्यात तर सुलतानाने फ्रान्सला बार्बरी (म्हणजे याच उत्तर आफ्रिकी किनाऱ्यावरच्या) कॉर्सेअरांवर स्वतःच कारवाई करायची मुभा दिली. मुभेलाही मर्यादा होत्या. १६३८ साली व्हेनिसचा आरमारी सेनानी काप्पेल्लो याने अल्जियर्स-ट्युनिसच्या ताफ्याचा व्लोरा बंदरापर्यंत पाठलाग केला आणि आत शिरून वल्ह्यांची १६ जहाजं पळवली. बंदर सुलतानाचं! चौथ्या मुरादने व्हेनिसच्या राजदूताला कैदेत टाकलं. तडजोड व्हायला पुढचं साल उजाडलं.

उत्तर ३: उस्कोकांना विसरू नका. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या सेन्य गावचे हे लोक ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या आश्रयाने 'तुर्कांशी लढतो' म्हणत व्हेनिसची गलबतंही लुटायचे. एड्रियाटिक समुद्र आमचा, असा व्हेनिसचा तोरा. म्हणून तिथे लुटल्या गेलेल्या मालाची भरपाई सुलतान व्हेनिसकडेच मागायचा. शेवटी व्हेनिस आणि हाब्सबुर्ग यांच्यात युद्धच पेटलं. १६१७च्या माद्रिद तहानुसार उस्कोकांना किनाऱ्यावरून आतल्या मुलखात हलवायचं ठरलं.

प्रश्नकर्ता: मग 'बीमोड'?

उत्तर १: बीमोड कुणालाच नको होता, आपापले चाचे प्रत्येकाला हवेच होते. 'बंदोबस्त' लिहा.