नवऱ्याचं गेमिंग हाताबाहेर गेलंय, तो स्वतःहून मदत घेईल असं काय करता येईल? (पुणे)

मंडळी, इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. विषय घरातला असल्यामुळे वेगळ्या आयडीने लिहिते. थोडं लांबेल, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

नवरा ३६ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो. घरात सासूबाई आणि पहिलीतली मुलगी. मीही नोकरी करते. माणूस मनाने चांगला आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी "सोडून दे" असं लिहू नये.

तो मोबाइलवर चौघांचा स्क्वॉड करून खेळायचा शूटिंग गेम खेळतो. सुरुवात लॉकडाउनमध्ये झाली, तेव्हा घरोघरी कुणी ना कुणी खेळत होतं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीवर बंदी घातली, तर त्यांचा ग्रुप थोड्याच दिवसांत दुसऱ्या गेमवर जमला. म्हणून "फोनमधून उडवून टाक" किंवा "वायफाय बंद कर" हे सल्ले कृपया देऊ नका. नेट मोबाइलचंही असतं आणि गेम दुसरेही असतात.

आता रात्री जेवण झालं की हेडफोन चढतात ते दोन-तीन वाजेपर्यंत, शनिवारी उजाडेपर्यंत. सकाळी तो बाइकवरून बायपासने वाकडकडे जातो. झोप न झालेला माणूस त्या कंटेनर-ट्रकच्या गर्दीतून जातोय, हे डोक्यात असलं की पोचल्याचा मेसेज येईपर्यंत माझं कामात लक्ष लागत नाही. ऑफिसात डुलक्या, चुकलेल्या डेडलाइन, आणि आता मॅनेजरने पीआयपीवर टाकलंय, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारलं नाही तर नोकरी जाऊ शकते. आयटीतल्यांना याचा अर्थ सांगायला नको. घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो.

मुलीने हाक मारली की उत्तर ठरलेलं, "हा एकच मॅच." एक मॅच म्हणजे जवळपास अर्धा तास, आणि ऑनलाइन असल्यामुळे मध्ये थांबवता येत नाही, उठला तर बाकीचे तिघे अडचणीत येतात. त्यामुळे त्याला खरंच "आत्ता नाही उठता येत" असं वाटतं, तो बहाणा नसतो. पण एक संपला की दुसरा सुरू होतो. मुलगी हल्ली त्याला बोलवत नाही, थेट माझ्याकडे येते. परवा बाहुल्या घेऊन एकटीच खेळत होती आणि त्याच्याच आवाजात म्हणत होती, "रिव्हाइव्ह कर, रिव्हाइव्ह कर, मागे एनिमी आहे."

पूर्वी रविवारी पहाटे सिंहगड चढायचा. वर पिठलं-भाकरी खाऊन दहाच्या आत घरी. पायवाटेने चढणारे ते मित्र अजून जातात, त्यांनी याला विचारणं सोडलं. वजन वाढलंय, मान आणि मनगट कायम दुखतं. यंदा गणपतीची आरास मी आणि मुलीने केली. तो आरतीला उभा होता, पण खिशातला फोन वाजला की नजर तिकडे.

पैशाचंही आहे. गेममधल्या बंदुकीची स्किन म्हणजे वरची नक्षी, खेळाडूचे कपडे, सीझनचा पास, आणि ते क्रेट म्हणजे बंद पेट्या, ज्यात काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. रक्कम दर वेळी लहान, म्हणून क्रेडिट कार्डाच्या बिलात डोळ्यावर येत नाही. बेरीज केली की मोठी होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा मला आशा वाटली होती. पण तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर बंदी घालतो. आमच्याकडे पैज नाही, जिंकायला रोख रक्कम नाही, त्यामुळे आमचा प्रश्न त्यात बसतच नाही.

सासूबाईंचं म्हणणं, "दारू पीत नाही, बाहेर हिंडत नाही, पगार घरात आणतो. खेळतोय तर खेळू दे की." त्यांच्या माहेरी दारूने एक घर उद्ध्वस्त झालेलं त्यांनी पाहिलंय. त्यांच्या लेखी व्यसन म्हणजे बाटली, आणि बाटली आमच्या घरात नाही. मला त्यांचा राग येत नाही, पण त्या असं म्हणाल्या की नवऱ्याला बळ मिळतं आणि माझं बोलणं कटकट ठरतं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण माझ्या मते खरी अडचण इथे आहे. त्याच्या स्क्वॉडमध्ये तो आयजीएल आहे, म्हणजे कुठे उतरायचं, कधी पुढे सरकायचं, हे तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. बंद दाराआडून मी त्याचा आवाज ऐकते. तिथे तो हसतो, नवीन आलेल्या पोराला न चिडता समजावून सांगतो. ऑफिसात गेली दोन-तीन वर्षं त्याला कुणी चांगलं म्हटलेलं नाही. तिथे रोज रात्री म्हणतात. त्यातून दर सीझनला रँक खाली येते आणि पुन्हा चढवावी लागते, रोज लॉगिन केलं नाही तर बक्षीस हुकतं. म्हणजे त्याला धरून ठेवायला माणसंही आहेत आणि यंत्रणाही आहे. नुसतं "सोड" म्हणणं म्हणजे त्याला त्याच्या मित्रांतून उठवणं आहे, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे सध्या काही नाही.

मी वाचलं ते असं. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केलाय. २०१९ मध्ये ते मंजूर झालं, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं किंवा वाढणं, या तीन गोष्टी बघतात. घर, नोकरी, नाती यांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो, आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असावं. आमच्याकडे त्याहून जास्त झालं. निदान मी करणार नाही, ते डॉक्टरांचं काम. शिवाय याच्या मुळाशी नैराश्य आहे की गेममुळे नैराश्य आलंय, हेही त्यांनीच सांगावं.

मी शांतपणे बोलून पाहिलंय. तो म्हणतो, "मला वेडा ठरवतेस का?" आणि दोन दिवस अबोला. नंतर स्वतःच म्हणतो की कमी करतो. चार-पाच दिवस करतोही. त्या दिवसांत चिडचिड इतकी असते की सासूबाईच म्हणतात, खेळू दे त्याला.

तर मला विचारायचंय :

पुण्यात मोठ्या माणसांच्या गेमिंगवर काम करणारे कोण आहेत? जे सापडतं ते बहुतेक शाळकरी मुलांसाठी असतं, पालकांनी काय करावं वगैरे. ३६ वर्षांच्या कमावत्या माणसाला स्क्रीन टाइमचं कुलूप लावता येत नाही. बेंगळुरूला निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत 'शट' नावाचं खास क्लिनिक आहे हे माहीत आहे, पण पीआयपी चालू असताना तिकडे जाणं अवघड आहे. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात किंवा ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात यासाठी कुणी प्रत्यक्ष गेलंय का? अनुभव हवाय, नुसतं नाव नको.

आणि तुमच्या घरातला माणूस पहिल्यांदा तयार कसा झाला? नेमकं कोणतं वाक्य, कोणती वेळ, कोणी बोललं?

*भर (प्रतिसाद वाचून) :*

इतक्या जणांनी आपुलकीने लिहिलंत, मनापासून आभार. दोन-तीन गोष्टींना उत्तर देते.

जबरदस्तीने दाखल करा असं ज्यांनी लिहिलंय, त्यांची कळकळ पोचली. पण ती वाट मला नको. तो भानावर आहे, कामावर जातो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा भर माणसाच्या संमतीवरच आहे. फसवून नेलं तर पुन्हा तो कुणाही डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ज्यांनी दिला त्यांचे विशेष आभार. मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. काल मीच फोन केला. तिकडच्या बाईंनी आधी मला बोलू दिलं. त्यांचं म्हणणं पटलं की तो येत नसेल तर मी एकटीने समुपदेशकाकडे जायला हरकत नाही. घरात काय बोलायचं, काय टाळायचं, हे तरी ठरेल. तो "वेडा" या शब्दावर अडतोय, तर सुरुवात झोप आणि मानदुखीपासून करा, असंही त्या म्हणाल्या. फॅमिली डॉक्टरांकडे त्या निमित्ताने तो येईल. त्यांना मी आधी भेटून सगळं सांगणार आहे, आणि हे सांगितल्याचं त्याच्यापासून लपवणार नाही.

कुणीतरी मुक्तांगणच्या 'सहचरी' गटाबद्दल लिहिलंत, व्यसनी माणसांच्या बायकांसाठीचा. नवरा गेममध्ये अडकलाय म्हणून तिथे गेलं तर चालतं का, हे माहीत असलेल्यांनी नक्की सांगा.

पैशांबद्दल : कार्डाची मर्यादा कमी करायची गोष्ट मी त्याच्यासमोर काढली, हप्त्याचं कारण देऊन. तो "बघू" म्हणाला, नाही म्हणाला नाही.

अजून एक विचारते. त्याच्या स्क्वॉडमधला एक जण पिंपरीत राहतो, त्याचंही लग्न झालंय, लहान बाळ आहे. त्याची बायको आणि मी एकदा एका लग्नात भेटलो होतो, नंबर आहे. रात्री अकरानंतर खेळायचं नाही असं चौघांनी मिळून ठरवलं, तर नवऱ्याला एकट्याने मागे हटल्यासारखं वाटणार नाही. तिच्याशी बोलावं का? आणि बोलायचं तर आधी नवऱ्याला सांगून बोलावं ना?