धरणाखालचं निवळ पाणी नदीला का खरवडतं?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कऱ्हाडजवळच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. धरणं आणि गाळ हा भाग घेताना टी.वाय.च्या मुलांना कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मॅथियस कोंडोल्फ यांच्या १९९७ च्या ‘हंग्री वॉटर’ (भुकेलं पाणी) या लेखाचा गोषवारा दिला. धरणात गाळ साचतो हे मुलांना तोंडपाठ आहे. पण खाली सुटणारं निवळ पाणी पात्र खातं, हे काही त्यांच्या गळी उतरत नाही. “मॅडम, गाळ नसलेलं पाणी तर चांगलंच ना?” असं एका मुलीने विचारलं आणि माझं उत्तर मलाच पुस्तकी वाटलं. शिवाय हा माणूस नद्यांच्या भूरूपांचा अभ्यासक, मग माशांच्या अंड्यांवर एवढं का लिहितो? कुणी प्रत्यक्ष पात्रात उतरून काम केलं असेल तर सांगा.

वाईकर

ताई, मी मूळचा वाईचा. सध्या उत्तर कॅलिफोर्नियात नद्यांच्या पुनरुज्जीवनाच्या कामावर आहे. कोंडोल्फ यांचं लिखाण आम्हाला रोज लागतं.

त्या मुलीला असं सांगा: उतारावरून धावणाऱ्या पाण्यात जी ताकद असते, तिच्यातली बरीचशी वाळू-खडी वाहून नेण्यात खर्च होते. धरणाने खडी अडवली की ताकद उरते, ओझं नाही. मग पाणी मिळेल तिथून माल उचलतं, तळातून आणि काठातून. धरणाने पूरही अडवले असतील तर हे खरवडणं मंदावतं, त्यामुळे प्रत्येक नदीचं गणित वेगळं.

इथे सॅक्रामेंटो नदीवर १९४५ मध्ये शास्ता धरण पूर्ण झालं, त्याच्याखाली केझिक धरण. वरची खडी येणं बंद. सुटलेल्या पाण्याने बारीक खडी पुढे नेली आणि जड गोटे जागच्या जागी राहिले. अशा तळावरून चालताना फरसबंदीवरून चालल्यासारखं वाटतं, पायाखाली काही सरकत नाही.

आता मासे. सामनची मादी कुशीवर वळते, शेपटीचे फटके मारून खडीत खड्डा करते, अंडी घालते आणि वरच्या अंगाची खडी उडवून ती झाकते. गोटे हललेच नाहीत तर खड्डा होणार कसा? कोंडोल्फ आणि रेड्स वोल्मन यांनी १९९३ मध्ये ठिकठिकाणची मोजमापं एकत्र करून दाखवलं, की मादी साधारण आपल्या लांबीच्या एक दशांशापर्यंत मध्यम आकार (निम्मे दगड त्याहून लहान, निम्मे मोठे) असलेल्या खडीत अंडी घालू शकते. म्हणजे ७५ सेंटिमीटरची मादी असेल तर साडेसात सेंटिमीटर. मला हे काम फार मोलाचं वाटतं. नदी ‘बिघडली’ असं सगळेच म्हणतात. किती बिघडली हे त्यांनी माशाच्या अंगाच्या मापाने मोजून दाखवलं.

उपाय म्हणून केझिकखाली ट्रकने खडी आणून ओततात. जर्मनीत ऱ्हाइनवर इफेत्सहाइमच्या बंधाऱ्याखालीही खडी टाकतात, वर्षाला सरासरी १,७०,००० टनांच्या घरात. पुढच्या पुरात ती वाहून जाते, पुन्हा टाकावी लागते. धरण आहे तोवर हा खर्च आहे, आणि तो धरणाच्या खर्चातच धरला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सावित्रीकाठी

वाईकरदादा, मी महाडचा. आमच्याकडे उलटा त्रास. वर डोंगर कापून मुरूम काढतात, पहिल्या पावसात लाल राडा खाली येतो. पाणी ओसरल्यावर दगड उचलला की खाली चिकट गाळाचा थर. पूर्वी दगडाला खालून किडे चिकटलेले असायचे, आता दगड बोडका. वाळणकोंडीत काळ नदीचा डोह देवीचा म्हणून तिथले मासे कुणी मारत नाही. पण बाकी नदीचं काय? आणि तो एक दशांशाचा हिशोब आमच्या खडसाला, म्हणजे महसीर माशाला, लागू होतो का?

वाईकर

नाही, तो हिशोब इथे लावू नका. महसीर सामनसारखा खड्डा करत नाही, अंडी खडी-दगडांवर पडतात. पण गाळाचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. खडीच्या फटींतून पाणी खेळलं तर अंड्यांना प्राणवायू मिळतो. फटी बुजल्या की अंडी गुदमरतात, किडेही जातात. डोह राखला हे फार चांगलं झालं, पण मोठे मासे डोहात आणि अंडी उथळ खडीवर. ती उथळ जागाही राखायला हवी.

कोयनाकाठ

फार उपयोगी. मुलांना पात्रात नेऊन काही मोजता येईल का?

वाईकर

येईल. वोल्मन यांची १९५४ ची पद्धत घ्या, फूटपट्टी आणि वही पुरते. पात्र ओलांडत चालायचं. दर पावलाला नजर वळवून बोट खाली न्यायचं आणि बुटाच्या टोकाशी जो दगड पहिला लागेल तोच उचलायचा. बघून उचलला तर हात हमखास मुठीत मावणाऱ्या दगडाकडे जातो. दगडाची सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड बाजू सोडून मधली मोजायची. असे १०० दगड. आकाराने क्रम लावला की मधला आकार मिळतो. बंधाऱ्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे करा.

एक लक्षात ठेवा: आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तळाला काळा पाषाण लागतो. तिथे तळ फारसा खचणार नाही, नुसती खडी-वाळू निघून गेलेली दिसेल. उघडा पाषाण लागला तर वहीत तसंच लिहा, दगड शोधत बसू नका. आणि धरणातून पाणी कधी सोडणार हे आधी विचारल्याशिवाय मुलांना पात्रात उतरवू नका.