सांदण उतरून थेट डेहणे : वाटाड्या घ्यावा का, दोर किती, पाणी किती?

भांडुपचा_भटक्या :
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, सगळे भांडुप-मुलुंडचे. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सांदण दरी, म्हणजे साम्रद गावाजवळची ती अरुंद घळ, करायचं ठरतंय. शुक्रवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल, तिथून जीपने घोटीमार्गे साम्रद. सकाळी घळीत शिरायचं, कातळटप्पे उतरून ओढ्यातच मुक्काम, रविवारी पायथ्याचं डेहणे गाव गाठून आसनगावहून लोकल पकडायची. करोळी घाटाच्या वाटेने परत वर साम्रदला चढायचं नाही. दोघांचं रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) शिकून झालंय, दोघं पहिल्यांदाच उतरणार. दोर ३० मीटरचा आहे, पुरेल का? पाणी किती न्यावं? आणि वाटाड्या हवाच का? दरी तर सरळ खालीच जाते, चुकायचं काय त्यात?

कातळवेडा_मुलुंड :
३० मीटर पुरणार नाही. पहिला टप्पा साधारण ४५ फुटांचा, म्हणजे १४ मीटर धरा. दोर खालून ओढून घ्यायचा तर दुहेरी टाकावा लागतो, तिथेच २८ गेले. दोर अडकवायचे, कातळात ठोकलेले बोल्ट कड्याच्या तोंडापासून मागे आहेत, तेवढा दोर वरच खर्ची पडतो आणि टोकं हवेत लोंबकळतात. ५० मीटरचा न्या आणि दोन्ही टोकांना गाठी मारूनच खाली सोडा. ओढायच्या आधी मात्र त्या गाठी आठवणीने सोडा. आमची एक राहिली होती, ती वर कपारीत जाऊन बसली आणि तासभर गेला.

लालबागची_ताई :
भटक्या, दोराचं वर आलंय, मी पुढचं लिहिते. सांदण मी चार वेळा उतरले आहे आणि त्यातली एक खेप अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

अरुंद घळ ओलांडताना दोन ठिकाणी पाणी लागतं. दुसऱ्या डोहात मला छातीपर्यंत आलं होतं, गार इतकं की श्वास अडकतो. तळाला गोटे, शेवाळलेले, दिसत नाहीत. तिथे आमच्यातल्या एका मैत्रिणीचा पाय मुरगळला. ती म्हणाली, "थोडंसं दुखतंय गं, चालेल." आम्हीही ते चालवून घेतलं, कारण मागे गर्दी होती आणि ऊन चढायच्या आत टप्पा उतरायचा होता. सगळे उतरलो, दोर ओढला. तो सरसरत खाली आला, वेटोळं पायाशी पडलं, आणि ती खाली बसली. बुटाची नाडी सोडली तर घोटा नारळाएवढा झालेला. वर जायची वाट आम्ही स्वतःच काढून घेतली होती.

लोक रॅपलिंगला घाबरतात. मला भीती वाटते त्यानंतरच्या ओढ्याची. वाट अशी नाहीच तिथे. नुसते धोंडे, काही म्हशीएवढे, काही खोलीएवढे. एकावर चढा, बसून घसरा, पुढचा हलतोय का ते काठीने बघा. सॅक पाठीवर असली की तोल मागे जातो. तीन तासांचं अंतर आम्हाला दुसऱ्या दिवशी सात तास लागलं. ओढणी फाडून घोटा बांधला होता, दोघींच्या खांद्यावर हात टाकून ती पोर एकही शब्द न बोलता चालली. मोबाइलला रेंज नव्हतीच.

म्हणून वाटाड्या घ्याच, साम्रदचाच घ्या. "चुकायचं काय" असं वाटतं खरं, पण ओढा सोडून डावी-उजवीकडच्या झाडीतून कुठे सुटायचं, कोणत्या कुंडात पाणी टिकलंय, हे त्याच्या पायांना ठाऊक असतं. आमच्या वेळी त्यानेच पहाटे पुढे जाऊन डेहण्याहून दोन माणसं आणली.

पाणी माणशी चार लिटर. जानेवारीत खाली कुंडांत मिळतं, पण भरवशावर राहू नका. कोरडे कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून बांधलेले. घळीत जाळ अजिबात करू नका, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, मुक्कामाचं आधी गावात विचारा. डेहण्याची जीपही आधीच सांगून ठेवा. आणि आभाळ भरून आलं तर आत शिरूच नका, महिना कोणताही असो. वरच्या पठारावरचं पाणी त्या चिंचोळ्या फटीतूनच उतरतं, बाजूला सरायला जागा नसते.

भांडुपचा_भटक्या :
ताई, मनापासून आभार. वाटाड्या नक्की, दोरही ५० मीटरचा घेतो. एक राहिलं. आमच्यातल्या एकाचा गुडघा गणपतीपासून अधूनमधून धरतो. तो म्हणतो, पट्टा लावून येईन. काय करावं?

लालबागची_ताई :
त्याला घेऊन पूर्ण उतरू नका. त्याला एकट्याला मागे ठेवूनही जाऊ नका, त्याच्या जिवाला लागेल. यंदा चौघांनी मिळून पहिल्या टप्प्याच्या तोंडापर्यंत जा. दोन्ही डोह, डोक्यावर आभाळाची अरुंद पट्टी, हाताने दोन्ही भिंतींना टेकता येईल अशी जागा, हे सगळं त्याच्या आधीच येतं. पाण्यात त्याचा हात धरा. दुपारी साम्रदला परत, कुणाच्या घरी आधी सांगून ठेवलंत तर नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळेल. गुडघा बरा झाला की पुढच्या हिवाळ्यात डेहणे. तेव्हा मला कळवा, जमलं तर मीही येईन.