सरकारी पैशानं शिकलेल्या पशुवैद्यांना गावात सेवेचा बाँड हवा की नको?

माणदेशी_खिल्लार
विषय सरळ मांडतो, पटणार नाही त्यांनी जरूर उत्तर द्या. आमच्या भागात रात्री म्हैस अडली तर पदवीवाला डॉक्टर मिळत नाही. श्रेणी एकचा, म्हणजे पदवीवाल्या डॉक्टरचा, सरकारी दवाखाना आहे, पण डॉक्टरांकडं अजून दोन दवाखान्यांचा चार्ज, तो माणूस तरी कुठं कुठं पुरणार. आणि पुण्यात बाणेर-वाकडला पाहुण्यांकडं गेलो की प्रत्येक चौकात पेट क्लिनिक, कुत्र्याची सोनोग्राफी काय, दातांची सफाई काय. म्हणजे शिकलेली पोरं आहेत, फक्त आमच्याकडं येत नाहीत.

2019 च्या पशुगणनेत राज्यात 3 कोटी 30 लाखाच्या आसपास जनावरं मोजली, त्यात गाई-बैल 1 कोटी 40 लाख, म्हशी 56 लाख, शेळ्या कोटीच्या वर. राष्ट्रीय कृषी आयोगानं 1976 लाच सांगून ठेवलंय की 5 हजार जनावरांमागं एक पशुवैद्य पाहिजे. आपण त्याच्या जवळपास तरी आहोत का? माफसू या पशुवैद्यकीय विद्यापीठाची कॉलेजं, मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, सगळी जनतेच्या पैशावर चालतात. एमबीबीएसला एक वर्षाचा बाँड आहे. मग पशुवैद्यकाच्या पदवीला, बीव्हीएस्सीला, का नको? माझं म्हणणं, तीन वर्षं ग्रामीण सेवा सक्तीची करा, त्यानंतर खुशाल शहरात जावा.

परळचा_विद्यार्थी
दादा, तुमची अडचण शंभर टक्के खरी आहे पण दोष चुकीच्या माणसाला देताय. बाँड घालायला आधी पोस्ट लागते. एमबीबीएसवाल्याला बाँडमध्ये नेमणूक मिळते, पगार मिळतो. आमची साडेपाच वर्षं इंटर्नशिपसकट झाली आणि हातात पदवी घेऊन जाहिरातीची वाट बघत बसलो, शेवटी पोट भरायला क्लिनिकमध्ये लागलो. 2025 मध्ये एमपीएससीनं पशुधन विकास अधिकारी गट-अ च्या 2795 जागा काढल्या. त्यातल्या काही नव्या आकृतिबंधाच्या, म्हणजे नव्यानं मंजूर झालेल्या पदांच्या असतील हे मान्य, पण एका फटक्यात एवढ्या जागा काढायची वेळ येते याचा अर्थ तुमच्या दवाखान्यातली खुर्ची आम्ही पळालो म्हणून रिकामी नव्हती, ती भरलीच नव्हती. जागा निघाल्या की एका जागेमागं किती अर्ज येतात ते बघा, सगळे गावातच जायला तयार असलेले असतात.

आता म्हणाल खासगी प्रॅक्टिस टाका गावात. टाकली असती. गावातल्या प्रॅक्टिसचा कणा म्हणजे कृत्रिम रेतन, रोजचा पैसा त्यातच. ते काम आता तीन महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेले सरकारच्या मैत्री योजनेतले कार्यकर्ते करतात, संस्थांची माणसं करतात, आणि शेतकऱ्याला ते स्वस्त पडतं म्हणून त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मग पदवीवाल्याच्या वाट्याला काय येतं, तर तिसऱ्या दिवशीची केस, चार जणांची इंजेक्शनं होऊन गेलेली, गाय आडवी पडलेली. वाचली तर नशीब, मेली तर डॉक्टरनं मारली. आणि फी मागायची कुणाकडं? गाईच्या दुधाला दर नाही म्हणून 2024 ला सरकारला लिटरमागं 5 रुपये अनुदान द्यावं लागलं, त्या शेतकऱ्याकडून मी रात्री दोनच्या व्हिजिटचे किती घेऊ?

बार्शीचा_पदविकाधारक
चार जणांची इंजेक्शनं म्हणजे आम्हीच ना सर? स्पष्टच बोला.

दोन वर्षांचा डिप्लोमा केलाय, पंधरा गावं फिरतो, ऊन पाऊस बघत नाही. लम्पी आली 2022 ला तेव्हा गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचणारे, गाठी फुटलेल्या जखमा धुणारे कोण होते ते शेतकऱ्याला विचारा. तुमचा 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा म्हणतो की आम्ही फक्त किरकोळ सेवा द्यायच्या आणि त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. बरं, देखरेख करायला तो पशुवैद्य आहे कुठं? तो शेजारच्या तालुक्यात चार्जवर. म्हणजे काम करा पण चोरून करा, काही झालं तर गुन्हा आमच्यावर. बाँड-बिंड राहू द्या, जे गावात ऑलरेडी आहेत त्यांना अधिकार द्या, वर सहा महिन्यांचं ट्रेनिंग द्या, पहिल्या दिवसापासून फरक दिसेल.

परळचा_विद्यार्थी
भाऊ, तुमच्या कष्टाबद्दल शंका नाही, लम्पीत तुम्ही लोकांनी खरंच जीव तोडून काम केलं. पण अधिकार वाढवायला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण आमचा धंदा हे नाही.

म्हैस अडली आणि गर्भाशयाला पीळ पडलेला असला तर तो आतून हात घालून ओळखावा लागतो, कुठल्या बाजूला पीळ आहे ते कळावं लागतं, मग त्याच बाजूला म्हैस लोळवायची. उलट्या बाजूला लोळवली तर पीळ अजून घट्ट. ते न ओळखता चार माणसं लावून वासरू ओढलं की गर्भाशय फाटतं. हे मी ऐकीव सांगत नाही, फाटलेली बघितलीत. दगडी झालेल्या, म्हणजे सुजून कडक झालेल्या कासेत अँटिबायोटिकच्या ट्यूबा सोडायच्या आणि त्याच संध्याकाळी दूध डेअरीला, हे तर रोजचं आहे, ते दूध आपलीच पोरं पितात. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध आठवतंय? दिसेल त्या जनावराला टोचलं, मेलेली जनावरं गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडं संपत आली, शेवटी 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आणावी लागली. औषध टोचणं सोपं आहे, ते पुढं कुठं जातं हे कळायला साडेपाच वर्षं लागतात.

बार्शीचा_पदविकाधारक
डायक्लोफेनॅक काय फक्त डिप्लोमावाल्यांनी टोचलं का? पदवीवाल्यांच्या बॅगेत पण तेच होतं.

वऱ्हाडी_मास्तर
एक मुद्दा कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. हल्ली व्हेटर्नरीला मुली बऱ्याच जातात. नीटला मार्क थोडे कमी पडले, एमबीबीएस हुकलं की हा पर्याय. चांगलंच आहे, शिकाव्यात. पण बिथरलेला बैल, अडलेली गाय, रात्रीचं एकटीनं वस्तीवर जाणं, हे त्यांच्याकडून होणार आहे का? मग त्या साहजिकच शहरात कुत्र्या-मांजरांकडं वळतात आणि गावाची जागा तशीच राहते. प्रवेश देताना याचा विचार व्हायला पाहिजे.

डॉ_उदगीरवाली
मास्तर, मी मराठवाड्यात श्रेणी एकच्या दवाखान्यात काम करते, मोठी जनावरंच बघते, त्यामुळं उत्तर द्यायचा हक्क आहे असं समजते.

अडलेली गाय ताकदीनं सोडवायची हा गैरसमज आधी काढा. पाठीच्या कण्यात भूल द्यायची, वासराचं डोकं की पाय काय अडकलंय ते बघायचं, आत ढकलून सरळ करायचं, मग दोऱ्या बांधून कळ येईल तशी ओढ द्यायची. ज्यांनी ताकद लावली त्यांचीच बिघडलेली प्रकरणं माझ्याकडं येतात. उलट लहान कालवडीत माझा हात बारीक असल्याचा फायदाच होतो. आणि बैल बिथरतो तो बाई बघून नाही, जनावर अडकवून धरायचा खोडा मोडका असल्यामुळं. दवाखान्यातला खोडा दुरुस्त करून घ्यायला माझं पहिलं वर्ष गेलं.

खरी अडचण सांगू? दवाखान्याला बाथरूम नाही. क्वार्टर आहे पण छत गळतंय, तिथं कुणी राहू शकत नाही. व्रणोपचारकाची, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्याची जागा रिकामी, परिचर रिटायर झाला त्याच्या जागी कुणी नाही, म्हणजे जनावर मीच धरायचं, टाकेही मीच घालायचे आणि रजिस्टरही मीच भरायचं. रात्री फोन आला तर मी जाते, पण शेतकऱ्याला सांगते तुमच्या घरातल्या बाईला घेऊन गाडी पाठवा, आणि लोक पाठवतात, आजवर कुणी नाही म्हणलं नाही. गावानं मला सांभाळून घेतलं, व्यवस्थेनं नाही. पुरुष डॉक्टर हे सगळं मुकाट सहन करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही.

प्रवेश देताना मुलगी आहे म्हणून विचार करा हे वाक्य मला फार लागलं. ज्या वर्गातली निम्मी हुशारी मुलींची आहे त्यांना दारातच अडवून गावाला डॉक्टर कुठून मिळणार?

वऱ्हाडी_मास्तर
ताई, तुमच्यासारख्या किती? अपवादावरून धोरण ठरत नाही. माझ्या ओळखीच्या दोघी शहरात आहेत.

डॉ_उदगीरवाली
आणि तुमच्या ओळखीचे मुलगे किती गावात आहेत तेही मोजा.

यॉर्कशायरकर_सातारा
मी ब्रिटनमध्ये राहतो, बायको इथं व्हेट नर्स आहे म्हणून थोडं माहीत आहे. इथल्या नोंदणीकृत पशुवैद्यांत 60 टक्क्यांहून जास्त बायका आहेत आणि गाईंच्या फार्मवर बायका सर्रास काम करतात, सो तो मुद्दा सोडून द्या. तुटवडा मात्र इथंही आहे. कत्तलखान्यात तपासणी करणारे सरकारी पशुवैद्य जवळजवळ सगळे युरोपातून आलेले. ब्रेक्झिट झालं आणि युरोपियन युनियनमधून नव्यानं नोंदणी करणारे 2019 मध्ये 1132 होते ते 2021 मध्ये 364 वर आले. वर मोठ्या कंपन्यांनी दवाखाने विकत घ्यायचा सपाटा लावला. 2013 ला 10 टक्के प्रॅक्टिस अशा गटांच्या होत्या, आता 60 टक्के, आणि बिलं इतकी वाढली की इथल्या स्पर्धा आयोगाला चौकशी लावावी लागली. पुण्या-मुंबईत पेट क्लिनिकच्या साखळ्या येतायत त्या बघून मला तेच आठवतं. पैसा जिकडं तिकडं माणसं जाणार, बाँड लावा नाहीतर काही लावा.

करवीर_दूधवाला
बाँडवर एवढी चर्चा चाललीय, आमच्या कोल्हापूरकडं बघा की. गोकुळसारखा संघ स्वतःचे डॉक्टर ठेवतो, सभासदानं फोन केला की डॉक्टर गोठ्यावर. दूध संघाला माहितीय गाय आजारी पडली तर संकलन कमी होणार, म्हणून तो खर्च करतो. डॉक्टरला पगार, गाडी, शेतकऱ्याला माफक दरात सेवा. सरकारच्या तोंडाकडं बघत बसण्यापेक्षा संघांना सांगा डॉक्टर नेमा.

माणदेशी_खिल्लार
दूधवाले भाऊ, तुमच्याकडं संघ आहे म्हणून. आमच्याकडं दूध खासगी डेअरीवाला गोळा करतो, उद्या दर पडला की तो गाडी बंद करतो, तो कशाला डॉक्टर ठेवतोय. आणि दूध देणाऱ्या गाईचं ठीक आहे, धनगराच्या मेंढ्यांचं काय? बैलाचं काय? खिल्लार बैलाचं शिंग सडलं, कॅन्सर निघाला तर ऑपरेशन कुठला संघ करणार? दुधाच्या हिशोबात न बसणारी जनावरं निम्म्याहून जास्त आहेत, त्यांच्यासाठी सरकारीच डॉक्टर लागतो.

बाकीच्यांचं वाचलं. डॉक्टरताईंच्या दवाखान्याला बाथरूम नाही हे वाचून लाज वाटली, आमच्या पंचायत समितीच्या सदस्याला आमच्या दवाखान्याचं विचारणार आहे. पण बाँड सोडत नाही. तीन वर्षं जास्त वाटत असतील तर एक करा, पूर्ण पगार द्या, राहायला घर द्या, पण करा. माझ्या गोठ्यात म्हैस अडली तेव्हा मला धोरणाचा नाही, हाताचा उपयोग असतो.

परळचा_विद्यार्थी
पूर्ण पगार, घर, कायम पोस्ट? मग बाँडची गरजच नाही दादा, मी उद्या अर्ज करतो. पण होणार आहे ते असं की बाँडच्या नावाखाली कमी मानधनावर दरवर्षी नवी मुलं आणून बसवतील आणि कायम जागा भरायच्याच बंद करतील. 1962 या फोन नंबरवर येणाऱ्या फिरत्या दवाखान्याच्या गाड्यांचं बघा, गाडी चांगली, फोन केला की येतेही, पण आतला डॉक्टर कंत्राटी. तो तुमची म्हैस ओळखायला लागेपर्यंत त्याचं कंत्राट संपलेलं असतं.

बार्शीचा_पदविकाधारक
आणि तोपर्यंत रात्रीचा फोन मलाच येणार. कालही आलेला, कारीच्या वस्तीवर गाईची वार अडकलेली, कायद्यानं मी हात लावायचा का नाही ते इथल्या कुणीतरी लिहून द्या.