हलाल मांसाची निर्यात : देशी प्रमाणन योजनेची सक्ती योग्य आहे का?

धागालेखक : भारतातून गोमांसाची निर्यात करता येत नाही. परदेशी जाते ते मुख्यतः म्हशीचे हाडे काढलेले, गोठवलेले मांस, आणि आखात व आग्नेय आशियातील गिऱ्हाईक हलाल प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ते स्वीकारत नाही. हे प्रमाणपत्र आजवर निरनिराळ्या धार्मिक न्यास व खासगी संस्था आपापल्या निकषांवर देत आल्या. एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने ठरवले, की ‘हलाल प्रमाणित’ म्हणून मांस पाठवायचे असेल तर भारतीय गुणवत्ता परिषदेच्या ‘आय-कॅस हलाल’ या प्रमाणन योजनेखालचे आणि एनएबीसीबी या, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची पात्रता तपासणाऱ्या मंडळाची अधिस्वीकृती (मान्यता) असलेल्या संस्थेचेच प्रमाणपत्र हवे. ऑक्टोबर 2024 पासून सौदी अरेबिया, अमिराती, मलेशिया, इंडोनेशिया आदी 15 देशांसाठी ही अट लागू झाली. मला ती योग्य वाटते. जी संस्था शुल्क घेऊन दाखला देते, तिची तपासणी करणारे कोणीतरी असायलाच हवे.

प्रतिसाद 1 : निर्यातीच्या कागदपत्रांचे काम मी रोज करतो, म्हणून असहमती नोंदवतो. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर सुटतो तो दिल्लीच्या समाधानासाठी नव्हे, तर पलीकडच्या बंदरात उतरवून घेतला जावा म्हणून. मलेशियाची जाकिम ही संस्था कोणत्या परदेशी प्रमाणन संस्था ग्राह्य धरायच्या याची स्वतःची यादी ठेवते, आणि तिथले पशुवैद्यकीय खाते कारखान्यांना वेगळी मान्यता देते. इंडोनेशियाने 2014 च्या कायद्याने बीपीजेपीएच ही हलाल प्रमाणनाची सरकारी संस्था उभारली असून तिच्या अटी निराळ्या आहेत. आपल्या अधिस्वीकृतीमुळे यातली एकही पायरी आपोआप गळत नाही. मग निर्यातदाराने दोन तपासण्यांचा खर्च का सोसावा? मोठे कारखाने तो पेलतील, लहानांची मात्र दमछाक होईल.

प्रतिसाद 2 : माझा आक्षेप तत्त्वाचा आहे. जानेवारी 2021 मध्ये अपेडाने (शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणारे केंद्राचे प्राधिकरण) मांस निर्यातदारांसाठीच्या आपल्या रेड मीट मॅन्युअलमधून हलालचा उल्लेख वगळला आणि ही अट सरकारची नसून आयातदार देशांची असल्याचे सांगितले. ती भूमिका बरोबर होती. दोनच वर्षांनी सरकारने स्वतःची योजना आणून एका धर्माच्या विधीचे नियमन अंगावर घेतले. धर्मनिरपेक्ष राज्याने हे काम बाजारावर सोडावे.

प्रतिसाद 3 (पशुवैद्य) : चर्चेत कारखान्याच्या आत काय चालते हे राहून जाते आहे. हलालची अट सुरीपाशी असते : जनावर जिवंत हवे, कापणारा मुसलमान हवा, त्याने अल्लाहचे नाव घ्यावे, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापून रक्त पूर्ण वाहू द्यावे. त्यातही मतभेद आहेतच. मलेशियाच्या मानकात जनावर मरणार नाही अशा बेताने आधी बेशुद्ध करणे अटींवर चालते, काही खरेदीदारांना ते मुळीच चालत नाही. पण माल नाकारला जाण्याची भीती मला जास्त वाटते ती लाळ्या-खुरकूत या जनावरांच्या संसर्गजन्य रोगापायी. म्हणून कत्तलीआधी आणि नंतर पशुवैद्यकीय तपासणी होते, धड 24 तास थंड ठेवून मांसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) 6 च्या खाली आल्याची खात्री केली जाते, आणि मग हाडे व लसिकाग्रंथी काढल्या जातात. या नोंदी आणि हलालच्या नोंदी एकाच साखळीत, जनावर आवारात आल्यापासून खोक्यावरच्या लेबलापर्यंत, जुळत असतील तर परदेशी तपासनिसाला उत्तर देणे सोपे जाते. त्या कारणासाठी योजनेला माझा पाठिंबा आहे.

प्रतिसाद 4 : दूधउत्पादकाच्या बाजूने एवढेच सांगतो. महाराष्ट्राच्या 2015 च्या कायदादुरुस्तीने बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. म्हैस त्या बंदीबाहेर राहिली. भाकड म्हशीला दर मिळतो म्हणून आमच्याकडचा माणूस नवी दुभती म्हैस घेऊ शकतो. निर्यात अडली की पहिला फटका त्या दराला बसतो.

धागालेखक : प्रतिसाद 2 ला उत्तर : हलाल काय हे सरकार ठरवत नाही, दाखला देणाऱ्याची पात्रता तपासते. धर्माचा निर्णय धर्म जाणणाऱ्यांकडेच राहतो. प्रतिसाद 1 मधली दुहेरी खर्चाची अडचण मात्र खरी आहे, पण जाकिम किंवा बीपीजेपीएचशी परस्पर मान्यतेची बोलणी करायची तर आपल्या बाजूला एक राष्ट्रीय चौकट आधी उभी असावी लागते.

प्रतिसाद 1 : मग क्रम उलटा हवा होता. आधी योजना ऐच्छिक ठेवून मान्यतेचे करार करावेत, आणि ज्या देशाशी करार होईल त्या देशापुरतीच ती सक्तीची करावी. आज पंधराही देशांसाठी सक्ती एकदम आली आहे.