बाळाच्या पाठीवरचे तपकिरी डाग चोळल्यावर फुगतात

प्रश्न: माझ्या आठ महिन्यांच्या मुलीच्या पाठीवर तपकिरी डाग असून, अंघोळीनंतर पुसताना ते लाल होतात आणि गांधी उठल्यासारखे फुगतात. त्वचारोगतज्ज्ञांनी ‘मास्टोसायटोसिस’ असे निदान केले आहे. हे आयुष्यभर राहते का?

उत्तर १: चोळल्यावर डाग असा फुगण्यास ‘दारिए चिन्ह’ म्हणतात. मास्टोसायटोसिसमध्ये त्वचेत मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) जास्त साठतात, त्या घर्षणाने हिस्टामिन हे खाज व सूज आणणारे रसायन सोडतात, म्हणून डाग फुगतो. लहानपणी सुरू झालेला हा आजार बहुतेक मुलांत वयात येईपर्यंत ओसरतो, तेव्हा धीर सोडू नका.

उत्तर २: माझ्या मुलालाही हाच आजार होता, पण त्याला एकच पिवळसर गाठ होती, तिच्यावर फोड येत असे. कढत पाणी टाळा आणि अंग चोळून न पुसता मऊ पंचाने हलकेच टिपा.

उत्तर ३: प्रौढपणी असे डाग आल्यास मात्र रक्तातील ट्रिप्टेज (मास्ट पेशींतून येणारे एक प्रथिन) तपासावे लागते आणि अस्थिमज्जेचाही विचार करावा लागतो. मुलीला आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.