बकेटमधलं चिकन हाडाजवळ लाल, वरून तेलकट: काउंटरवर नेमकं काय बोलायचं?

खादाड_नाशिककर

प्रश्न कुठल्या एका ब्रँडबद्दल नाही, फ्राइड चिकनच्या सगळ्याच साखळी दुकानांबद्दल आहे. दुकान तेच, मेन्यू तोच, तरी एका दिवशी पीस कुरकुरीत आणि आतून रसाळ, तर दुसऱ्या दिवशी खालचा कागद तेलाने पारदर्शक. लेग पीस फोडला की कधी कधी हाडालगत लाल-जांभळं दिसतं. ते कच्चं समजून परत करायचं की खायचं? ब्रेस्ट नेहमी कोरडाच का निघतो? घरी आणेस्तोवर कोटिंग मऊ पडतं, त्यावर उपाय काय?

शिवाय गटारीला वीस जणांसाठी सांगायचं आहे. किती पीस लागतील? बिलात काय बघावं? ज्यांना आतलं कामकाज माहीत आहे त्यांनी लिहा. "बाहेरचं खाऊच नका" हा सल्ला घरी रोज मिळतो.

तळणीमास्तर

आधी लाल रंगाचं. ब्रॉयलर कोंबडी साधारण ३५ ते ४२ दिवसांची असताना कापली जाते. त्या वयात हाडं पुरती टणक झालेली नसतात, सच्छिद्र असतात. चिकन गोठवून मग वितळवलं की मज्जेतलं रक्तद्रव्य हाडातून झिरपून आजूबाजूच्या मांसात उतरतं आणि तळल्यावर तिथेच लाल, जांभळं किंवा काळपट होऊन बसतं. म्हणजे पीस आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचला, पूर्ण शिजला, तरी हाडालगतचा डाग राहू शकतो. तंगडी आणि मांडीत हे जास्त दिसतं.

म्हणून रंग नव्हे, पोत बघा. काट्याने हाडाच्या कडेने मांस सोला. शिजलेलं मांस अपारदर्शक असतं, धाग्याधाग्याने सुटतं आणि हाड बऱ्यापैकी स्वच्छ सोडतं. कच्चं मांस जेलीसारखं चकाकतं, ओढलं तर रबरासारखं ताणलं जातं, हाडाला घट्ट धरून राहतं. बोट लावून बघा: कोटिंग गरम आणि हाडाजवळ गारठा असेल तर पीस अर्धवट वितळलेलाच तेलात गेलेला आहे. तो खायचा नाही.

लोक एक गोष्ट विसरतात. स्ट्रिप्स, पॉपकॉर्न, बर्गरची पॅटी यांत हाडच नसतं, त्यामुळे तिथे मज्जेची सबब चालत नाही. बोनलेसमध्ये चकाकणारं गुलाबी दिसलं की सरळ परत.

आता तेल. तळताना पिसातलं पाणी वाफ होऊन बाहेर येत असतं आणि ती वाफ तेलाला आत शिरू देत नाही. पीस बाहेर काढला की वाफ थंडावते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तेलकटपणाचा मोठा भाग तळताना नव्हे, काढल्यानंतरच्या त्या पहिल्या एक-दोन मिनिटांत ठरतो. बास्केट नीट झटकली नाही, जाळीवर निथळू दिलं नाही, गर्दीत थेट बॉक्समध्ये भरलं, की तो पारदर्शक कागद तयार.

दुसरं कारण, फ्रायरमध्ये कोंबून भरलेले पीस. तेलाचं तापमान एकदम पडतं, वाफेचा जोर कमी होतो, कोटिंग कुरकुरीत व्हायच्या आधी तेल पिऊन बसतं. दोन पीस एकमेकांना चिकटून तळले गेले तर जोडावर पांढरट, ओल्या पिठाचा पट्टा राहतो. असा पट्टा दिसला की त्याच्या खालचं मांस आधी तपासा, कारण तिथे उष्णता सर्वात कमी पोचलेली असते.

तिसरं कारण, जुनं तेल. वारंवार तापलेल्या तेलात जे पदार्थ तयार होतात त्यांमुळे ते पिसाला जास्त चिकटतं आणि दाट होतं. एफएसएसएआयच्या (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमानुसार १ जुलै २०१८पासून टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल खराब होताना साठणारे हेच पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरता येत नाही. गिऱ्हाइकाकडे मीटर नसतो, पण जीभ असते: कोटिंग गडद तपकिरी आणि आतलं मांस मात्र फिकं, खाल्ल्यावर घशाशी किंचित कडू, ओठांवर चिकट थर, आणि जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर बदलून मागण्यात अर्थ नाही, दुसरा पीसही त्याच तेलातला येणार. पैसे परत मागा.

सावध_गृहिणी

इतकं सोलून कोण बघत बसणार? लाल दिसलं की परत करावं. लहान मुलं असतात बरोबर.

तळणीमास्तर

@सावध_गृहिणी ताई, मुलांच्या पिसाचं बघायलाच हवं, वाद नाही. पण रंगावर विसंबलं तर चूक दोन्ही बाजूंनी होते. पांढराशुभ्र दिसणारा पीससुद्धा ७४ अंशांच्या आत राहिलेला असू शकतो आणि साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) रंग बघून येत नाही. घरी प्रोब थर्मामीटर असेल तर टोक हाडाला न टेकवता सर्वात जाड भागात खुपसा, हाडाला टेकलं तर आकडा चुकतो. मुलांना मात्र बोनलेस द्या, तपासायला सोपं.

वाफ_आणि_पीठ

ब्रेस्ट कोरडा का, ते कोंबडीच्या रचनेत आहे. आठ तुकड्यांच्या कापणीत एका कोंबडीचे २ विंग, २ तंगड्या, २ मांड्या, २ ब्रेस्ट. नऊच्या कापणीत ब्रेस्टचा मधला तुकडा वेगळा निघतो. सगळे पीस एकाच बास्केटमध्ये, एकाच टायमरवर. मांडीत चरबी आणि चिवट उती असल्याने तिला ८० अंशांपर्यंत नेलं तर ती उलट मऊ होते. ब्रेस्टमध्ये चरबी नाहीच, तो ७४च्या पुढे गेला की पाणी सोडतो. वर तो गरम कपाटात अर्धा तास बसला तर खाताना पाण्याचा ग्लास हवाच. ब्रेस्ट आवडत असेल तर नवा लॉट निघताना घ्या, नाहीतर मांडी मागा.

कोटिंगचेही दोन प्रकार आहेत आणि निम्म्या तक्रारी त्यातला फरक माहीत नसल्याने होतात. प्रेशर फ्रायरमध्ये झाकण बंद करून साधारण १२ पीएसआय दाबाखाली तळतात. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी ११७ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे चिकन लवकर शिजतं, रस आत राहतो, पण कोटिंग मऊसर, कातडीला धरून असतं. उघड्या फ्रायरमध्ये मैद्यात दोनदा घोळवलेलं चिकन तळलं की खडबडीत पापुद्रे सुटतात. पहिला प्रकार मागवून "कुरकुरीत नाही" म्हणणं म्हणजे घावन मागवून तो डोशासारखा नाही म्हणण्यासारखं आहे.

(कुकरमध्ये तेल घालून शिट्टी लावण्याचे व्हिडिओ फिरतात. तसं अजिबात करू नका. घरच्या कुकरची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह पाण्याच्या वाफेसाठी असतात, उकळत्या तेलासाठी नाहीत.)

विंगच्या घडीत कोरडं पीठ सापडतं, ते घोळवल्यावर न झटकल्यामुळे. चवीला वाईट, पण धोक्याचं नाही.

वेळ_बघून_जा

दुकानापेक्षा तुम्ही कधी जाता यावर जास्त अवलंबून आहे. तळलेलं चिकन गरम कपाटात ६० अंशांच्या वर ठेवतात आणि प्रत्येक ट्रेला टायमर असतो. टायमर संपला की माल टाकायचा असतो. दुपारी चार-साडेचारला गिऱ्हाईक विरळ, ट्रे शेवटच्या मिनिटापर्यंत ओढला जातो. संध्याकाळी साडेसात ते नऊ खप जोरात, त्यामुळे ताजा माल. बंद व्हायच्या आधीचा तासभर फ्रायर धुवायची घाई असते, नवा लॉट टाकायला कोणी राजी नसतो.

गटारी आणि श्रावण ही दोन टोकं आहेत. गटारीला चिकन कपाटात बसतच नाही, पण फ्रायर क्षमतेबाहेर भरले जातात, वितळवायला वेळ नसतो. त्या दिवशी कच्चं आणि तेलकट निघायची भीती. श्रावणात उलट: खप निम्म्यावर येतो, माल बसून राहतो, तेव्हा कोरडं आणि चामट. श्रावणात खाणाऱ्यांनी काउंटरवर एवढंच म्हणावं, "दादा, नवा लॉट कधी निघतोय? दहा-पंधरा मिनिटं थांबतो." हाडाचं चिकन तळायला तेवढा वेळ लागतोच. "ताजं आहे ना?" असं विचारू नका. त्याला उत्तर एकच असतं.

वीस जणांचं गणित. बरोबर भात-बर्गर असेल तर माणशी २ पीस, नुसतं चिकनच असेल तर ३. समजा ४० सांगितले. आठच्या कापणीने त्या झाल्या ५ कोंबड्या, म्हणजे तंगड्या फक्त १०. वीसच्या वीस जणांना लेग हवा असेल तर दुकान नाही म्हणेल, कारण उरलेले ब्रेस्ट आणि विंग त्यांनी कोणाला विकायचे? आदल्या दिवशी मॅनेजरला सांगा आणि वाटणी बिलावर लिहून घ्या: इतक्या तंगड्या, इतक्या मांड्या. विंगही पूर्ण पीस म्हणूनच मोजला जातो, तिथे फसायला होतं. गटारीला संध्याकाळी सहाच्या आत उचला, आणि चाळीस पीस एकदम न घेता वीस-वीसचे दोन भाग अर्ध्या तासाच्या अंतराने घ्या.

बिलबघ्या

रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. (तारांकित हॉटेलांचं गणित वेगळं असू शकतं, इथे तो प्रश्न नाही.) सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. दिसला तर काढायला सांगा.

ॲप आणि कियॉस्कवर शेवटचा पडदा सावकाश वाचा. देणगीचे दोन-पाच रुपये, जादा डिप, आधीच टिक केलेलं पेय. न विचारता कार्टमध्ये वस्तू सरकवणं हा नोव्हेंबर २०२३च्या डार्क पॅटर्नविरोधी (ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या रचनांविरुद्धच्या) सूचनांनुसार निषिद्ध प्रकार आहे.

बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक २०२२पासून बंधनकारक आहे. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. तक्रार करताना हाच क्रमांक लागतो, तेव्हा बिल तेलाच्या हाताने चुरगळून फेकू नका.

तक्रारीचा क्रम: पीस अर्धा खाऊन संपवण्याआधी काउंटरवर जा. कापलेल्या भागाचा फोटो घ्या, शेजारी बिल ठेवून, वेळ दिसेल असा. तिथे निपटलं नाही आणि प्रश्न पैशाचा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कच्चं, खवट, अळी, केस असा प्रश्न असेल तर अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री १८००-२२२-३६५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, पण चारशे रुपयांच्या बकेटसाठी तिथे जाण्यापूर्वी १९१५चा निकाल बघा, बऱ्याचदा तिथेच परतावा मिळतो.

अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४०खाली ग्राहकाला शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो, पण तपासणी करून घेणार हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. घरी नेऊन अर्धं खाल्लेलं बकेट त्यात बसत नाही.

खादाड_नाशिककर

वेळेचं गणित पटलं, सोमवारी चारला जाणं बंद. घरी आणण्याचं राहिलं. आणि घरात दोन माणसं शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी फ्राइज आणले तर चालतात का?

वाफ_आणि_पीठ

आणताना बॉक्सचं झाकण एका बाजूने बोटभर उघडं ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारू नका. कोंडलेली वाफ कोटिंगवर पाणी होऊन बसते, वीस मिनिटांत पापुद्रा लिबलिबीत होतो. फ्राइज वेगळ्या पिशवीत, चिकनच्या बॉक्सवर नकोत.

परत गरम करायला मायक्रोवेव्ह नको. एअर फ्रायर असेल तर १८० अंशांवर ५ ते ७ मिनिटं, फ्रिजमधून काढलेलं असेल तर १० ते १२. एअर फ्रायर नसेल तर जाड बुडाचा तवा, मंद आच, तेल नाही, झाकण नाही, दर दोन-तीन मिनिटांनी उलटत राहा. पिसातलंच तेल सुटून कोटिंग पुन्हा उभं राहतं. उरलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात. दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करा, आतून वाफाळेपर्यंत.

शाकाहारी मंडळींसाठी तीन प्रश्न विचारा: फ्राइजचा फ्रायर वेगळा आहे का, तेल गाळायचं यंत्र वेगळं आहे का, चिमटे वेगळे आहेत का. पहिल्याला बहुतेक ठिकाणी "हो" मिळतं. अडखळतात ते दुसऱ्यावर, कारण गाळणी बऱ्याचदा एकच असते आणि रात्री सगळे फ्रायर तिच्यातूनच फिरतात. तिथे उत्तर देणारा मागे वळून किचनकडे बघायला लागला तर शाकाहारी दोघांसाठी शेजारून वडापाव घ्या.